तीन महिन्यांची साखर आणि आईचा अंगारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई खानापूर तालुक्यातल्या गावात राहते, साठी ओलांडलेली, मधुमेह बऱ्याच वर्षांचा. मुलगा पुण्यात नोकरीला. गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला आणि साखर २८० वर गेली. शेजारणीने तिला एका देवऋषाकडे नेलं. त्याने अंगारा दिला, चहातली साखर बंद करायला सांगितली, मंगळवार-शुक्रवारचा उपास सांगितला. महिन्याने साखर १४८ आली आणि आईने गोळ्या डब्यात टाकून झाकण लावलं. मुलाने फोनवर समजावलं, मग भांडला, मग व्हिडिओ पाठवले. आईचं एकच उत्तर: "तुझ्याच मशीननं सांगितलंय की कमी झाली म्हणून." मुलगा विचारतोय, श्रद्धा आणि तर्क एका माणसाच्या आयुष्यात एकत्र नांदू शकतात का, की शेवटी एकाला घराबाहेर काढावंच लागतं?

आईचं ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्यात देवीचं नाव नाही, चमत्काराचा उल्लेख नाही. मशीन आहे, आकडा आहे, आधीची आणि नंतरची तुलना आहे. तुमच्या आईने तर्कच केलाय हो, आणि तुम्ही तिला अंधश्रद्धाळू ठरवून मोकळे झालात.

मी बेळगावात फिजिशियन आहे आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातले, जांबोटी-कणकुंबीकडचे रुग्ण वर्षानुवर्षे बघत आलोय. देवऋषाकडून माझ्याकडे येणारे आणि माझ्याकडून उठून देवऋषाकडे जाणारे, दोन्ही रोजचेच. त्यांतला कोणी काहीच विचार न करता तिकडे गेला असं मला दिसलेलं नाही. प्रत्येकाकडे पुरावा असतो. शेजारच्या पोराची कावीळ माळेनं उतरली, चुलता साप चावूनही मंत्रानं वाचला, स्वतःची साखर खाली आली. हे पुरावे खोटे नसतात, पण हिशेब अर्धा असतो. जमेची बाजू मांडलेली, खर्चाची बाजू कोरी.

आईचा हिशेब पुरा करू. अंगात ताप असताना, जंतुसंसर्ग असताना शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन अशी संप्रेरकं जास्त सोडतं. त्यामुळे यकृत साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. एरवी १६० असलेली साखर तापात २८० होणं यात नवल नाही. ताप उतरला की ती मूळ जागेकडे परत यायला लागते. आई देवऋषाकडे गेली ती नेमकी साखर सगळ्यात वर असताना. आपण सगळेच असे जातो. दुखणं टोकाला पोचल्याशिवाय कोण उंबरा ओलांडतो? आणि टोकाला पोचलेली गोष्ट त्यानंतर बहुतेक वेळा खालीच येते. त्या वळणावर जो उभा असतो त्याला श्रेय मिळतं. कधी तिथे देवऋषी असतो, कधी मी असतो. सर्दी-पडशावर 'डॉक्टरांचा हातगुण' म्हणून आमचं जे नाव होतं, त्यातलं निम्मं याच वळणावर कमावलेलं आहे.

शिवाय दोन गोष्टी विचारून घ्या. त्या महिन्यात गोळ्या चालू होत्या का? बहुधा असतील, कारण आकडा बघितल्यावर तिने त्या बंद केल्या. आणि देवऋषाने साखरेचा चहा बंद करायला लावला, ते पथ्य तिने पाळलं का? आमच्याकडे दिवसाला पाच-सहा कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हा साधा हिशेब आहे. ती बंद झाली तर आकडा हलणारच. हे पथ्य मीही तिला दर खेपेला सांगितलं असतं आणि तिने दर खेपेला 'बरं बरं' म्हटलं असतं. त्याने सांगितलं ते देवीच्या नावावर, म्हणून पाळलं गेलं. इथे मला त्या माणसाचा हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही.

आता परीक्षा. बोट टोचून येणारा आकडा त्या घडीचा असतो. आदल्या रात्री कमी जेवलं, उपास असला, की सकाळी तो शहाण्या मुलासारखा वागतो. त्यामुळे आम्ही एचबीए-वन-सी बघतो. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला एका दिवसाच्या उपासाने फसवता येत नाही. आईला एवढंच म्हणा की मशीनवर तुझा विश्वास आहे ना, मग मशीनलाच तीन महिन्यांचं विचारू. अंगाऱ्याबद्दल चकार शब्द काढू नका. ती तयार होईल, कारण तिने स्वतःच मशीनला साक्षीला बोलावलंय.

बेळगाव भागात कावीळ झाली की माळ घालणारे बरेच आहेत. कोवळ्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात आणि ती माळ डोक्यावर ठेवतात, जेमतेम टाळूवर बसेल एवढी. रोज ती थोडी मोठी होते, कपाळावर येते, मग गळ्यात उतरते. माळ उतरते तशी कावीळ उतरते असं सांगतात. एका घरी मी मुलाच्या आजोबांना म्हटलं, तशीच आणखी एक माळ मागून आणा आणि ती माझ्या टेबलाजवळच्या खुंटीला अडकवा. त्यांनी आणली. आठवड्यात खुंटीची माळही लांबली. ओल्या देठाचे तुकडे सुकतात, आकसतात, गाठी सैल होतात, दोरा मोकळा होतो. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे खुंटीची कावीळ पण उतरली म्हणायची." हसले. त्यांना मी एक वाक्यही शिकवलं नव्हतं. तुलनेसाठी दुसरी माळ लागते, एवढंच दाखवलं होतं.

हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळं होतं, हाही प्रकार तुम्ही बघितला असेल. कावीळ 'निघून जाताना' दिसते. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला लागलेला असला की चुन्याच्या पाण्यात कोणाचेही हात तसा रंग सोडतात.

या सगळ्यांत कावीळ बरी होते ती कशी? पोरांमध्ये दिसणारी बहुतेक कावीळ हिपॅटायटिस ए या विषाणूची असते, दूषित पाण्यातून येते आणि काही आठवड्यांत आपोआप जाते. माळ घाला, नका घालू. मग माळेला विरोध कशासाठी, असं तुम्ही विचाराल. कारण सगळ्या कावीळी एका घरातल्या नसतात. गरोदरपणात हिपॅटायटिस ई झाला तर बाई दगावू शकते. पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल, स्वादुपिंडात गाठ असेल, उंदराच्या औषधातलं फॉस्फरस पोटात गेलं असेल, तरी डोळे पिवळेच होतात. माळ या सगळ्यांवर एकाच वेगाने उतरते.

यातून मी एक पट्टी ठरवून घेतलीय. समजूत खरी की खोटी हे दुसऱ्या नंबरला. पहिल्यांदा बघायचं, ही समजूत चुकली तर किंमत काय आणि ती कोण भरणार. कुत्रं चावल्यावर मंत्र घालून, काही पाजून घरी पाठवणारे आहेत. त्यांचा 'यशाचा' आकडा प्रचंड मोठा असतो, कारण चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतातच. शंभरातले बहुतेक जण काही न करताही जगले असते. पण जो एक उरतो त्याला रेबीज झाला आणि लक्षणं दिसायला लागली, की जगात कुठेही त्याला वाचवण्याची आशा जवळजवळ शून्य. इथे एकदाही चुकायला जागा नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. यावर माझी कोणाशीही तडजोड नाही, अगदी भक्तिभावाने हात जोडून आलेल्याशीही नाही.

सापाचं तसंच. भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८,००० माणसं मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यातली. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना बंधनकारक केली, ती उगीच नाही. आमच्या भागात धामण, पाणदिवड, कवड्या हे बिनविषारी साप भरपूर. नाग किंवा घोणस चावली तरी प्रत्येक वेळी विष सोडतेच असं नाही. मांत्रिकाची कीर्ती या दोन गोष्टींवर उभी आहे. तो खोटं बोलतोच असंही नाही; त्याने खरोखर माणसं उठून घरी गेलेली बघितलीत. जी गेली नाहीत ती त्याच्या डोळ्यांआड, वाटेत किंवा आमच्या दवाखान्यात गेली. मण्यारीचा दंश तर कळतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, थोड्या वेळाने पापण्या जड होऊन मिटायला लागतात, आणि घरच्यांना वाटतं झोप पुरी झाली नसेल.

घोणस किंवा फुरसं चावलंय अशी शंका असेल तेव्हा आम्ही एक साधी तपासणी करतो. स्वच्छ, कोरडी काचेची नळी. त्यात दोन मिलिलिटर रक्त. नळी हलवायची नाही, वीस मिनिटं तशीच ठेवायची. मग हळूच तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर जागचं हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्त गोठण्याची शक्ती खाल्लीय, सापाच्या विषावरचं इंजेक्शन लगेच चालू करायचं. त्या वीस मिनिटांत माझ्या हातात करण्यासारखं फार नसतं. नाडी, रक्तदाब, पापण्या बघत राहायचं. दाराबाहेर घरचे असतात. कोणी माउलीला गाऱ्हाणं घालतं, कोणी नारळ बोलतं, कोणी नुसतंच भिंतीला डोकं टेकून उभं असतं. त्या बाईला जाऊन 'तुझ्या नारळाने रक्त गोठणार नाही' हे सांगण्याची गरज मला कधी पडली नाही. तिने नवस बोलताना गाडीही बोलावली होती, रुग्णाला दवाखान्यातही आणलं होतं. तिच्या डोक्यात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतंच. ते तुमच्या-माझ्यासारख्या शिकलेल्यांच्या डोक्यात असतं.

मात्र 'दोन्ही असू दे, काय बिघडतं' एवढ्यावर मी थांबत नाही. बिघडतं ते क्रमात. आधी मंत्र आणि मग दवाखाना असं झालं की तीन तास जातात, आणि ते तीन तास पुन्हा कुठून आणायचे? अंगारा लावूनच या, पण गाडीत बसून लावा, असं मी गावात सांगतो.

वारकरी माळेबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण श्रद्धा आणि तर्क यांची गुंतागुंत मला तिथे सगळ्यात जास्त दिसली. आमच्या पश्चिम भागात गावोगाव भजनी मंडळं आहेत, पंढरीला जाणाऱ्या दिंड्या आहेत. वीस-वीस वर्षं दारू पिणारा माणूस एका एकादशीला तुळशीची माळ घालतो आणि दारू टाकतो. माझ्या औषधांनी, धमक्यांनी, यकृताच्या रिपोर्टांनी जे झालं नाही ते त्या माळेने होतं. कसं होतं हे बघण्यासारखं आहे. माळ गळ्यात दिसते, गाव बघत असतं. संध्याकाळी जी वेळ गुत्त्यावर जायची ती भजनात जाते. जुनी टोळी सुटते, नवी मिळते. व्यसनमुक्तीच्या कोणत्याही चांगल्या केंद्रात हेच घडवण्याचा प्रयत्न करतात. माळ हे काम फुकटात करते आणि माणसाला मान देऊन करते. हे बघूनही जो डॉक्टर माळेला नाक मुरडतो त्याने आपला तर्क तपासून घ्यावा.

पण त्याच माळेच्या तिसऱ्या दिवशी काय होतं ते ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की मेंदू बिथरतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, कधी फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो. अंगावर मुंग्या फिरताना दिसतात, भिंतीवर माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, घरच्यांना ओळखत नाही. आता घरच्यांच्या जागी उभे राहा. कालपर्यंत प्यायचा तेव्हा बरा होता, देवाची माळ घातली आणि वेडंवाकडं बोलायला लागला. कोणीही म्हणेल, काहीतरी बाधलंय, माळ सोसवली नाही, कोणीतरी केलंय. त्यांचा तर्क चोख आहे. फक्त त्यांना एक माहिती नाही, की दारू पिण्याइतकीच ती अचानक सोडणंही शरीराला धोक्याचं असू शकतं. मग देवऋषी, मग उतारे, कधी दोरीने बांधून ठेवणं. यातले काही जण मरतात. जे जगतात त्यांचा भ्रम चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय पुन्हा उताऱ्याला.

म्हणून गावातल्या बुवांना, माळ घालणाऱ्या ज्येष्ठांना मी भेटतो आणि एकच विनंती करतो. रोज पिणारा माणूस माळ मागायला आला तर घाला, जरूर घाला, पण त्याआधी त्याला माझ्याकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. आठवडाभर औषध लागतं, बी-वन जीवनसत्त्व लागतं, कोणाला दाखल करावं लागतं. एका बुवांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही काय सांगुलाय, विठ्ठलाच्या माळेला तुमची चिठ्ठी पाहिजे?" मी म्हटलं, माळेला नको, यकृताला पाहिजे. ते ऐकणारे निघाले. सगळेच निघत नाहीत.

आता माझ्याच धंद्यातल्या श्रद्धांकडे वळतो, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. आमच्याकडे 'सलाईन लावा डॉक्टर' हे एक स्वतंत्र दैवत आहे. अशक्तपणा वाटतोय, सलाईन लावा. पाचशे मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजवाली पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. तोंडाने खाता-पिता येणाऱ्या माणसाला यातून जे मिळतं ते पेजेच्या वाटीतून जास्त मिळेल. तरी बाटली संपल्यावर तो ताजातवाना होऊन उठतो. तास-दीड तास आडवा पडलेला असतो, कोणीतरी काळजी घेतलेली असते, आणि बाटली डोळ्यांसमोर थेंब-थेंब उतरताना दिसलेली असते, माळेसारखीच. या बाटल्या लावून पैसे घेणारा डॉक्टर आणि अंगारा देऊन पैसे घेणारा देवऋषी, यांत फार फरक करायची माझी तयारी नाही.

असा विश्वास वेदना कमी करतो, मळमळ कमी करतो, धडधड शांत करतो, झोप लावतो. हे भ्रम नव्हे. दुखणं खरोखर कमी होतं. पण तो क्षयाचे जंतू मारत नाही, गाठ विरघळवत नाही, विषाने पातळ झालेलं रक्त गोठवत नाही. कुठे चालतो आणि कुठे नाही, ही रेघ माहीत असली की बरीच भांडणं मिटतात.

आमच्या पुस्तकांतही श्रद्धा असतात. जठरातला व्रण चिंतेने, तिखटाने आणि आम्लाने होतो, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी शिकवलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असतो असं मांडलं तेव्हा त्यांना फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच त्या जंतूंचं मिश्रण प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. डॉक्टरांची समजूत देवऋषाच्या समजुतीपेक्षा पवित्र नाही. ती मोडता येते, मोडायची रीत ठरलेली आहे, आणि मोडणाऱ्याला उशिरा का होईना मान मिळतो, एवढाच फरक. तोच फरक मला मोठा वाटतो.

तुम्हाला राग देवऋषाचा येतो. तो तिकडे काय देतो ते शांतपणे बघा. तो आईच्या बोलीत बोलतो. सून कशी वागते, मुलगा कधी येतो, रात्री झोप लागते का, सगळं विचारतो. तिला अर्धा तास देतो. सरकारी दवाखान्यातली पाटी कन्नड, चिठ्ठी इंग्रजी, डॉक्टरची बदली होऊन नवा आलेला, रांग बाहेरपर्यंत. तिथला डॉक्टर भला असतो, कन्नड नर्स मोडक्या मराठीत प्रेमानेही बोलते, पण तीन मिनिटांत गोळी का घ्यायची हे कोण कोणाला समजावणार? सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसाला औषधापेक्षा आधी कोणीतरी आपलं ऐकणारं लागतं. विश्वास तिकडे वाहतो. तुमच्या व्हिडिओंमध्ये आईच्या गुडघ्याची चौकशी होती का?

श्रद्धा-तर्काचा वाद जेव्हा माणसापासून सुटून झेंड्यावर चढतो तेव्हा काय होतं, हे आमच्या भागाने फार जवळून पाहिलंय. २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडात एम. एम. कलबुर्गी, तिघांवरही गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिघेही गेले. कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध बेळगाव आहे. दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्राचा २०१३ चा आणि पुढे कर्नाटकाचा २०१७ चा, असे दोन जादूटोणाविरोधी कायदे आले. दोन्हींत पूजा, वारी, यात्रा यांना हात लावलेला नाही. आडवा येतो तो इजा करणाऱ्या आणि लुबाडणाऱ्या प्रकारांना. कायदा हवाच, पण तुमच्या घरातलं काम कायदा करणार नाही.

निर्णय अडला की आमच्याकडे देवीला कौल लावतात. ओल्या मूर्तीवर पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची ते बघायचं. पित्ताशयातल्या खड्यांनी वारंवार आजारी पडणाऱ्या एका बाईच्या घरचे म्हणाले, ऑपरेशन करायचं की नाही, कौल लावून सांगतो. मी म्हटलं, लावा, पण 'करू का' असं विचारू नका. 'कोणत्या आठवड्यात करू' असं विचारा. म्हातारे सासरे माझ्याकडे बघून मिस्कील हसले. त्यांना माझा डाव कळला होता आणि त्यांनी तो चालू दिला. ही फसवणूक का? मला तसं वाटत नाही, कारण सगळं उघड्यावर होतं. जे मला कळत नाही, म्हणजे भीती कधी ओसरेल आणि घर एका मताचं कधी होईल, ते देवीवर सोपवलं. जे मला कळतं, ते माझ्याकडे ठेवलं.

परंपरेत सवलतीची जागा असते, हे आपण विसरतो. बकऱ्याच्या जागी कोहळा कापणं, कोहळ्याच्या जागी नारळ वाढवणं, हे बदल कुठल्या विवेकवाद्याने आणलेले नाहीत, भाविकांनीच आणले. तेव्हा आईकडे जाताना वाद घेऊन जाऊ नका, सवलत मागायला जा.

आता तुमच्या घरचं. एचबीए-वन-सी या महिन्यात करा. बहुधा ते वाढलेलं येईल. आलं तर 'बघ, मी सांगत होतो' हे वाक्य गिळा. अंगारा चालू राहू दे आणि गोळ्या त्याच्या शेजारी ठेवा, अक्षरशः शेजारी, देव्हाऱ्याजवळच्या फळीवर, म्हणजे एकीची आठवण दुसरी देईल. श्रेय देवीला गेलं तर जाऊ द्या. मला फी मिळते. एक मात्र बघा. गल्लीतल्या दुसऱ्या मधुमेही बाईला आई 'माझं अंगाऱ्यानं बरं झालं' असं सांगायला लागली, तर तिथे गोळ्यांचाही उल्लेख झाला पाहिजे, नाहीतर ती बाई फक्त अंगारा घेऊन जाईल. हे आईला समजावणं अवघड नाही. 'तिला निम्मंच सांगू नकोस' म्हटलं की पुरे.

उपास बंद करायला लावू नका. पण ग्लिमेपिराइडसारखी साखर जोरात खाली आणणारी गोळी चालू असेल तर उपाशी पोटी ती घेणं धोक्याचं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा, उपास मोडला तरी चालेल. उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, शक्यतो मराठीत. आणि शाबूची खिचडी हा उपास नाही. तासाभरात साखर कुठल्या कुठे जाते. ताक, शेंगदाणे, थोडी वरी, एखादं छोटं फळ चालेल.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलंय की मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला अनवाणी चालत जाण्याचा तिचा नवस आहे. मधुमेहाला बरीच वर्षं झाली की तळव्यांची जाणीव कमी होते. खडा रुतला, फोड आला, तापलेल्या फरशीने चटका बसला, तरी कळत नाही. अशा जखमांनी बोटं आणि पाय गेलेले मी बघितलेत. जाण्याआधी तिचे पाय तपासून घ्या. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याला स्पर्श करून बघायची तपासणी पाच मिनिटांची असते. जाणीव गेलेली निघाली तर गावातल्या जाणत्या जोगतिणीलाच, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या बाईलाच विचारा, की बाईचा पाय अधू आहे, नवस कसा फेडायचा. पायात नीट बसणारे बूट घालून चालायचं, की गाडीने पायथ्यापर्यंत जाऊन पुढे चालायचं, ते ती सांगेल, आणि तिचा शब्द आई मानेल. तुमचा किंवा माझा मानणार नाही. वाटेत रोज रात्री कोणीतरी तिचे तळवे उजेडात उलटून बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. ते कोणी बघायचं, हे निघण्याआधी ठरवा. सुट्टी मिळत असेल तर तुम्हीच जा.